निगेटिव्हवरील प्रकाशाचे डाग आणि त्यांचे निदान

फिल्म कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रांवर कधी कधी असे पट्टे, ठिपके किंवा धुकट डाग उमटतात, की ज्यांचा समोरच्या दृश्याशी काहीही संबंध नसतो. कपाटात पडून असलेले जुने कॅमेरे नव्या पिढीने पुन्हा बाहेर काढल्यापासून ही तक्रार पुष्कळ ऐकू येते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय रोल धुणाऱ्यावर जातो. काही जण लगेच कॅमेरा दुरुस्तीला टाकतात. दोन्ही घाईचे निर्णय होत. दोष भलत्याच ठिकाणी शोधला तर पुढचा रोलही वाया जातो, आणि बारशाचे किंवा लग्नाचे छायाचित्र पुन्हा काढता येत नाही. वास्तविक प्रकाश कोठून शिरला याची साक्ष निगेटिव्ह स्वतःच देत असते. त्यासाठी प्रिंट किंवा संगणकावरील स्कॅन पुरत नाही. रोल धुवायला देताना निगेटिव्ह परत हवी आणि शक्यतो न कापता हवी, असे आवर्जून सांगावे.

प्रथम उलटसुलटचा हिशोब मनात पक्का करावा. निगेटिव्हवर जेथे प्रकाश पडतो तो भाग धुतल्यावर गडद होतो आणि प्रिंटमध्ये उजळ दिसतो. म्हणजे प्रिंटवरचा पांढरा डाग निगेटिव्हवर काळा असेल, तर तेथे जादा प्रकाश पोचला आहे किंवा डेव्हलपरची क्रिया जादा झाली आहे. उलट निगेटिव्हवर पारदर्शक गोल ठिपके असतील, तर तेथे डेव्हलपर पोचलाच नाही. टाकीतील हवेचे बुडबुडे फिल्मला चिकटून राहिले की असे घडते, आणि प्रिंटमध्ये हे ठिपके काळे येतात. एवढ्या एका तपासणीनेच निम्मा गोंधळ मिटतो.

त्यानंतरची खूण सर्वांत मोलाची आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्राची चौकट २४ × ३६ मिलिमीटरची असते. तिच्या वर आणि खाली छिद्रांची कोरी किनार असते. डाग चौकटीच्या रेषेवर काटेकोरपणे थांबतो, की किनारीवर, छिद्रांपर्यंत पसरतो, हे भिंगाखाली पाहावे. चौकटीच्या आत थांबणारा डाग भिंगाच्या बाजूने आलेला असतो. सूर्य समोर असताना भिंगात होणारी परावर्तने, कॅमेऱ्याच्या आतील चकाकणारा एखादा भाग किंवा शटरच्या पडद्यातील छिद्र ही त्याची कारणे असू शकतात. किनार ओलांडणारा डाग मात्र भिंगातून येऊच शकत नाही, कारण कॅमेऱ्यातील चौकट त्या बाजूचा प्रकाश अडवते. तो पाठीमागच्या झाकणातून, रोलच्या डबीतून किंवा धुलाईच्या वेळी आलेला असतो.

झाकणाचा दोष सर्वांत अधिक आढळतो. १९७० आणि १९८०च्या दशकांतील जपानी कॅमेऱ्यांत झाकणाच्या खाचांत आणि बिजागरीपाशी पॉलियुरेथेन फोमच्या पट्ट्या बसवलेल्या असत. हा फोम कालांतराने डांबरासारखा चिकट होतो किंवा भुग्यासारखा झडतो. आर्द्रतेने तो लवकर कुजतो, त्यामुळे मुंबई-कोकणच्या हवेत राहिलेल्या कॅमेऱ्यात तो शाबूत सापडला तर नवलच मानावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भिंग प्रतिमा उलटी पाडते. मागून पाहता बहुतेक कॅमेऱ्यांची बिजागरी उजव्या हाताला असते, पण तेथून शिरलेल्या प्रकाशाचा पट्टा सरळ धरलेल्या छायाचित्रात डाव्या बाजूला उमटतो. हे ठाऊक नसल्यामुळे भलतीच बाजू बंद करून समाधान मानणारे कमी नाहीत.

रंगीत फिल्मवर रंगही बोलका असतो. रंगीत निगेटिव्हमध्ये निळ्या प्रकाशाला संवेदनशील थर सर्वांत वर, हिरव्याचा त्याखाली आणि तांबड्याचा तळाशी असतो. पाठीमागून आलेला प्रकाश आधी तळाच्या तांबड्या थराला भिडतो, म्हणून प्रिंटमध्ये नारिंगी-तांबडी ज्वाळेसारखी छटा येते. समोरून आलेला प्रकाश बहुधा पांढरट डाग पाडतो. कृष्णधवल फिल्मवर हा पुरावा मिळत नाही.

एकाच ठिकाणी, चौकटीच्या आत, पुनःपुन्हा ठिपका येत असेल तर पडद्याकडे वळावे. लायका आणि तिच्या धर्तीवरील सोव्हिएत फेड, झोर्की या कॅमेऱ्यांत रबराचा लेप दिलेल्या कापडाचे पडदे असतात, आणि त्यांच्या पुढे आरसा नसतो. टोपण न लावता असा कॅमेरा सूर्याकडे रोखून ठेवला, तर भिंगाने कागद जळावा तसे पडद्याला भोक पडते. या दोषाची ओळख म्हणजे दोन छायाचित्रांमधील अंतर. कॅमेरा उन्हात गळ्यात लटकत राहिला असेल त्या चौकटीवर ठिपका ठळक येतो, पाठोपाठ काढलेल्या चित्रांवर फिकट. आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यांत खाली असलेला आरसाच पडद्याला बरेच संरक्षण देतो.

घडीच्या कॅमेऱ्यांत भाता तपासावा, विशेषतः घड्यांचे कोपरे. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत छोटा दिवा धरला की सुईच्या टोकाएवढी भोकेही चमकतात. १२० फिल्मच्या साध्या कॅमेऱ्यांना, उदाहरणार्थ आपल्याकडे घरोघरी असलेल्या आग्फा क्लिक-३ला, मागे आकडा पाहण्याची तांबडी खिडकी असते. आजच्या फिल्म तांबड्या प्रकाशालाही संवेदनशील असतात. ही खिडकी काळ्या पट्टीने झाकून, सावलीत आकडा पाहण्यापुरतीच उघडावी.

चुकून झाकण उघडले गेले असेल तर त्याची नक्षी वेगळी असते. गुंडाळीच्या बाहेरच्या वेढ्यांवर असलेली शेवटची चित्रे पुरती काळी होतात, आतल्या वेढ्यांवरची आधीची चित्रे केवळ कडांना. म्हणून अशा वेळी सारा रोल गेला असे समजून तो फेकू नये.

काही डाग प्रकाशाचे वाटतात, पण असतात दुसऱ्याच कारणाचे. छिद्रांपासून चित्रात उतरणाऱ्या समांतर रेघा टाकी फार जोराने हलवल्याने येतात, कारण छिद्रांतून द्रावण वेगाने वाहते. अर्धचंद्राकृती खुणा फिल्म रिळावर चढवताना दुमडल्याच्या असतात. विजेच्या फांद्यांसारखी नक्षी ही खरोखरच विजेची असते. कोरड्या थंड हवेत फिल्म झपाट्याने फिरवल्यास घर्षणाने ठिणगी पडते. विमानप्रवासात सामानाबरोबर सोडलेल्या फिल्मवर क्ष-किरणांचे नागमोडी पट्टे येऊ शकतात. फिल्म हातातल्या सामानात ठेवावी. विमानतळावर सीटी पद्धतीचे यंत्र असेल, तर तीही यंत्रातून न जाऊ देता हाताने तपासण्याची विनंती करावी.

कॅमेरा आणि धुलाई दोन्ही निर्दोष असताना डाग आल्याचे एक उदाहरण इतिहासात गाजले आहे. १९४५ साली कोडॅकच्या क्ष-किरण फिल्मवर न वापरताच काळे ठिपके पडल्याच्या तक्रारी आल्या. कंपनीचे भौतिकशास्त्रज्ञ ज्युलियन वेब यांनी वेष्टनातील पुठ्ठ्याचा माग काढला. तो इंडियाना राज्यातील व्हिन्सेन्स येथील गिरणीत बनला होता. पुठ्ठ्यातील किरणोत्सारी द्रव्य सुमारे ३२ दिवसांत निम्मे होत होते. त्यावरून ते सिरियम-१४१ असल्याचे ठरले. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोत झालेल्या पहिल्या अणुचाचणीची धूळ दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर जाऊन नदीच्या पाण्यावाटे पुठ्ठ्यात उतरली होती. वेब यांनी हे निष्कर्ष १९४९मध्ये प्रसिद्ध केले. ठिपक्यांचे कारण शोधताना त्यांनी आधी ठिपके कोठे आणि कसे आहेत एवढेच पाहिले होते.

घरी निदान करायचे असेल तर एक स्वस्त रोल खर्ची घालावा. भिंगाला टोपण लावून कॅमेऱ्याची एकेक बाजू पाचपाच मिनिटे उन्हाकडे धरावी, प्रत्येक वेळी एक चौकट पुढे सरकवावी आणि कोणत्या क्रमांकाला कोणती बाजू धरली ते लिहून ठेवावे. काही चौकटी मध्ये कोऱ्या सोडाव्यात. मग बिजागरीवर काळी चिकटपट्टी लावून तोच क्रम पुन्हा करावा. पट्टी लावल्यावर डाग नाहीसा झाला, तर जुना फोम लाकडी दातकोरणीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडून नवी पट्टी बसवावी. अरुंद खाचेत काळी लोकरही चालते. हे करताना भुगा शटरवर पडू देऊ नये आणि पडद्याला बोट लावू नये. पडद्यालाच भोक असल्यास मात्र ते काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे.