केस-हार्डन मिश्रपोलाद (विमानांच्या गिअर व बेअरिंगसाठी)

वरचा थर कठीण आणि गाभा चिवट राहील अशी उष्णता-प्रक्रिया केलेले कमी कार्बनचे मिश्रपोलाद. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये व जेट इंजिनाच्या मुख्य बेअरिंगमध्ये वापरतात.

मुळात कार्बन जेमतेम ०.१ टक्का. दाते पाडलेला गिअर सुमारे ९२५° से.ला कार्बनयुक्त वायूत तासन्‌तास ठेवला की पृष्ठभागाचा कार्बन ०.८ टक्क्याच्या आसपास पोचतो. मग गिअर तेलात विझवतात. गाभा आधी मार्टेन्साइट (विझवल्यावर होणारी कठीण रचना, जी होताना पोलाद किंचित फुगते) बनतो, वरचा थर मागाहून. उशिरा फुगणाऱ्या थराला घट्ट झालेला गाभा पसरू देत नाही, म्हणून थर कायम दाबाखाली राहतो. दाताच्या मुळाशी सुरू होणारी भेग हा दाब रोखून धरतो. कठीणपणाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व या दाबाला द्यायला हवे.

गिअरसाठी ९३१० हे जुने, भरवशाचे पोलाद (निकेल सुमारे ३.२५, क्रोमियम १.२ टक्के). मात्र त्याचे टेम्परिंग (विझवल्यानंतर पुन्हा बेताने तापवणे) १५०° से.च्या आसपास होते. त्याहून फार तापले की ते मऊ पडू लागते. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समधले तेल गळून गेले तर हाच धोका. म्हणून तापल्यावरही कठीण राहणारे, ३.२५ टक्के मॉलिब्डेनमचे पायरोवेअर ५३ हे पोलाद आले. बेअरिंगमध्ये आरपार कठीण होणारे एम५० हे पोलाद अतिवेगात कड्याच्या ताणाने तडकू शके; म्हणून कार्बन ०.८ वरून ०.१३ वर आणून आणि निकेल वाढवून एम५० निल घडवले. ही पोलादे निर्वातात दोनदा वितळवतात, कारण बारीकसा ऑक्साइडचा कणही थकव्याच्या भेगेला पुरतो.

   ट्रकच्या गिअरलाही कार्बुरायझिंग, म्हणजे पृष्ठभागात कार्बन मुरवणेच, लागते. विमानाच्या गिअरचे वेगळेपण पोलादाच्या शुद्धतेत आणि तपासणीत आहे.

विझवताना गिअर किंचित वाकतो, म्हणून शेवटी दाते ग्राइंड करतात. ग्राइंडिंगचे चाक जोरात लागले तर पृष्ठभाग जळतो, पण डोळ्याला दिसत नाही. सौम्य नायट्रिक आम्लात बुडवल्यावर राखाडी दातावर काळपट डाग उमटतो. फारच तापले असेल तर काळ्या कडेचा पांढरा ठिपका. असा गिअर विमानात बसवत नाहीत.