अणुभट्टीतला जोडारी

जोडारी व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा कानशीने पट्टी सपाट करता करता थांबला आणि त्याने मला विचारले, “सर, अणुभट्टीत फिटरले काम राहते का जी?”

चिमूर तालुक्यातल्या मुलांना एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी तेव्हा शिकवत होतो. मी म्हणालो, “ते शास्त्रज्ञांचं काम, बाबू. आपल्याला चंद्रपूरचं थर्मल बरं.” मुलगा हसला आणि पुन्हा पट्टीकडे वळला.

काही वर्षांनी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनच्या भरतीची जाहिरात माझ्या हाती पडली. दहावीला गणित व विज्ञानात किमान ५० टक्के गुण, फिटर किंवा इलेक्ट्रिशियनसारख्या व्यवसायाचे आयटीआय प्रमाणपत्र, वय १८ ते २४. ते त्या मुलाचेच वर्णन होते. फक्त त्याची चोविशी तोवर उलटून गेली होती. एक नोकरी गेली त्याचे दुःख आहेच. पण मी असे उत्तर इतक्या खात्रीने का दिले, हा प्रश्न मला अधिक छळत राहिला, आणि त्याच्या शोधात मी अणुऊर्जेचा इतिहास वाचू लागलो.

त्या इतिहासात मला माझ्या उत्तराचे मूळ सापडले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही आशियातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. इंधन ब्रिटनमधून आले होते, बाकीची भट्टी इथल्या अभियंत्यांनी आणि कारागिरांनी उभी केली. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, होमी भाभांनी पदवीधरांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. अनिल काकोडकर याच शाळेतून घडले. या शाळेवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण ज्यांनी ‘अप्सरे’चे नळ जोडले, सांधे जुळवले, तारा ओढल्या, ते या लेखनात क्वचितच भेटतात. देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालीच सुरू झाली होती, शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. म्हणजे हात घडवणारी व्यवस्था आणि अणुभट्टी एकाच दशकात वाढत होत्या. मी मात्र, आयटीआयचा निदेशक असूनही, यातला एकच इतिहास ऐकला होता.

तारापूरला हे दोन्ही इतिहास एकत्र आले. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी १९६४ मध्ये करार झाला आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी प्रत्येकी २१० मेगावॅटचे दोन संच व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे १९८० च्या दशकातले पहिले संचही २१० मेगावॅटचेच. आकडा एकच, वाफेवर फिरणारे टर्बाइन दोन्हीकडे. मग फिटरला फरक कुठे पडतो?

फरक वाफेत पडतो. चंद्रपुरात कोळसा जळतो, पाणी उकळते आणि वाफ टर्बाइनकडे जाते. संच चालू असताना माणूस टर्बाइनशेजारी उभा राहून आवाजावरून बिघाड ओळखू शकतो. तारापूरचे हे दोन संच उकळत्या पाण्याच्या पद्धतीचे. त्यांत पाणी भट्टीच्या गाभ्यातच उकळते आणि तीच वाफ थेट टर्बाइनमध्ये येते. गाभ्यातून येताना तिच्याबरोबर किरणोत्सारी नायट्रोजन येतो. त्याचे अर्धआयुष्य सात सेकंदांचे, म्हणून संच बंद झाला की तो काही मिनिटांत संपतो. पण संच चालू असताना टर्बाइनजवळ सहज वावरता येत नाही. म्हणजे जी सवय थर्मलमध्ये चांगल्या फिटरची खूण मानली जाते, ती इथे विसरावी लागते. प्रशिक्षणाचा पहिला धडा हा असा न शिकण्याचा असतो.

मे १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर परदेशी मदतीला ओहोटी लागली. तारापूरच्या इंधनाचा प्रश्न चिघळला. कॅनडाने राजस्थानातल्या रावतभाट्याच्या प्रकल्पातून हात काढून घेतला. तिथला दुसरा संच भारतीयांनी स्वतःच्या बळावर पुरा करून १९८१ मध्ये सुरू केला. परका तज्ज्ञ आणि परका सुटा भाग मिळेनासा झाला, की झडप दुरुस्त करणारा आपलाच माणूस लागतो, आणि त्याला शिकवणाराही आपलाच.

त्याच काळात अमेरिकेत एक घटना घडली. २८ मार्च १९७९ रोजी पेन्सिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड केंद्रात दाब सोडणारी एक झडप उघडी राहिली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप बंद करण्याचा आदेश गेला एवढेच दाखवत होता, झडप खरोखर मिटली की नाही हे तो सांगत नव्हता. चालकांनी दिव्यावर विश्वास ठेवला, गाभ्यात पाणी जास्त झाले असे समजून थंड पाण्याचा पुरवठा कमी केला, आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाने यंत्रांइतकेच माणसांच्या प्रशिक्षणावर बोट ठेवले. नंतर तिथे प्रशिक्षणाची राष्ट्रीय मानके ठरली आणि पुढे कम्युनिटी कॉलेजांतून अणुतंत्रज्ञांचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम निघाले. शेतकऱ्याच्या, कामगाराच्या मुलाने घराजवळच्या कॉलेजात शिकून अणुकेंद्रात कामाला लागावे, अशी ती वाट.

आपल्याकडे ही वाट दोन टप्प्यांची आहे. आधी आयटीआय, मग अणुकेंद्राचे विद्यावेतनासह दोन वर्षांचे प्रशिक्षण. पदविकाधारकांना आणि विज्ञानाच्या पदवीधरांना ते दीड वर्षाचे. निवडीत लेखी परीक्षांबरोबर हाताच्या कौशल्याचीही चाचणी असते. ज्या जाहिराती मी पाहिल्या त्यांत उंची किमान १६० सेंटिमीटर आणि वजन ४५.५ किलो ही अटही होती.

आत गेल्यावर काय शिकवतात? वेळ, अंतर आणि आच्छादन हे तीन शब्द. समजा, एका झडपेजवळ तासाला १ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार आहे. चाचपडत काम करणाऱ्याला ४० मिनिटे लागली, तर त्याच्या अंगावर सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट पडले. तेच काम बाहेरच्या नमुना झडपेवर घोटून घेतलेला माणूस १५ मिनिटांत उरकतो आणि ०.२५ वर बाहेर येतो. स्रोत लहान असेल, तर अंतर दुप्पट केल्यावर मात्रा चौथाईवर येते. आमच्या कार्यशाळेत हात बसला की काम सुबक होते. इथे हात बसला की आयुष्याच्या हिशोबातून कमी वजा होते.

त्या हिशोबाची वही म्हणजे छातीवरचा टीएलडी बिल्ला. त्यातल्या चकत्या किरणोत्साराची ऊर्जा साठवतात आणि तापवल्यावर तेवढ्या प्रमाणात उजळतात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार कामगाराला पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्टपेक्षा आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये. सामान्य नागरिकासाठी ही मर्यादा वर्षाला १ आहे.

मला या प्रशिक्षणाचे खरे मोल इथे दिसते. झडप फिरवायला कुणीही शिकेल. पण आपल्या अंगावर काय पडले, किती पडले आणि कुठे थांबायचे, हे स्वतः वाचता येणे ही वेगळी गोष्ट आहे. ज्याला तो आकडा वाचता येतो तो कामाला नकार देऊ शकतो. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्याच्या शब्दावर आत जावे लागते. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. वीजकेंद्रासाठी जमीन देणारे आणि वीजकेंद्र चालवणारे ही माणसे वेगळीच राहतात, हे आम्हा कोळसा आणि जंगलाच्या जिल्ह्यातल्या लोकांना नवे नाही. या दोन रांगांच्या मधला दरवाजा प्रशिक्षणाचा आहे. मी तो एका मुलासाठी न बघताच बंद केला होता.

चिमूर इतिहासाच्या पुस्तकात येते ते १६ ऑगस्ट १९४२ पुरते. त्यानंतर थेट घोडायात्रेच्या बातमीत. यंदाच्या यात्रेत तो माझा जुना विद्यार्थी भेटला. तो आता मोटारपंप दुरुस्त करतो. हात अजून तसाच, सफाईचा. सोबत पुतण्या होता, आयटीआयच्या पहिल्या वर्षाला.

“सर, आता याले सांगा बरं,” तो म्हणाला, “फिटरले काम राहते का?”

दुसऱ्या दिवशी दोघे घरी आले. मी पुतण्याला दाराच्या चौकटीला उभे केले, डोक्यावर गुण्या टेकवला आणि पेन्सिलीने खूण केली. १५७ सेंटिमीटर. वय सोळा. मग जुन्या जाहिरातीचे कात्रण काढून गणित आणि विज्ञानाच्या गुणांपाशी बोट ठेवले. काका-पुतणे कात्रणावर वाकून ते सावकाश वाचू लागले.