खार

पेणहून पनवेलकडे निघालं की पाताळगंगेपाशी खारपाडा लागतो. पुढे पनवेलजवळ खारघर. 'क्षार'चा झाला 'खार', आणि चवीचं हे नाव कोकणात जमिनीला चिकटलं. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, पावसाने वर्षानुवर्षं मीठ धुऊन काढायचं, मग तिथे भात लावायचा. अशी माणसाने घडवलेली शेती म्हणजे खार. पेण-अलिबागकडचा खारेपाट आणि रोह्याकडे कुंडलिकेच्या काठची खारी शेतं याच मेहनतीची.

या कामाचा शब्दसंग्रहही इथलाच. उघाडी म्हणजे बांधातली झडप: ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते, भरतीला खाडीचं आत येऊ देत नाही. बांध फुटला की खांड पडली म्हणतात. ती वेळेत बुजवली नाही तर पीक बुडतं आणि जमीन पुन्हा खारट होते. बाहेरचा बांध राखणारा तो शिलोत्रीदार. त्याबद्दल त्याला बिघ्यामागे ठरलेलं भात मिळे.

१९४८मध्ये खारजमिनींसाठी कायदा झाला, १९७९मध्ये नवा आला. तरी बांध फुटतातच. नकाशावर 'खार' दिसला तर पडीक समजू नका. तिथे पिढ्यांची माती पडली आहे.