हीला : 1939च्या एका कायद्याची गोष्ट

'कुराण बदलता येत नाही, म्हणून मुस्लिम कायदाही बदलता येत नाही.' हे वाक्य मी दोन प्रकारच्या लोकांकडून ऐकलं आहे. कर्मठ लोक ते अभिमानाने म्हणतात, आणि इस्लामचा तिटकारा असलेले लोक तेच वाक्य वाद जिंकल्याच्या थाटात म्हणतात. या दोघांपुढे मला 1939 सालचा एक भारतीय कायदा ठेवावासा वाटतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. कुराणात थेट कायद्याविषयीची वचनं मोजकीच आहेत. त्यांवर उभा राहिलेला डोलारा म्हणजे फिकह, आणि तो माणसांनी, कायदेपंडितांनी रचलेला आहे. सुन्नी परंपरेत त्याची चार घराणी आहेत : हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली. भारतातले बहुसंख्य मुसलमान हनफी.

विवाहाच्या बाबतीत हनफी कायदा बाईसाठी फार कठोर होता. नवऱ्याला वाटेल तेव्हा तलाक देता येई. बायकोला खुला मागता येई, पण त्याला नवऱ्याची संमती लागे. तो मारहाण करो, खायला न घालो, न्यायालयाकडून विवाह मोडून घेण्याची वाट जवळपास नव्हतीच. नवरा परागंदा झाला, तर त्याचं वय नव्वद होईपर्यंत वाट पाहायची, असं प्रचलित मत होतं. म्हणजे तिशीतला नवरा गेला, तर बायकोने साठ वर्षं थांबायचं.

या भिंतीत एक भगदाड होतं. हनफी मताप्रमाणे धर्म सोडला की विवाह आपोआप संपतो. जुन्या ग्रंथांत असं करणाऱ्या बाईला कैद सांगितली होती, पण इंग्रजी राज्यात ती शिक्षा कोण देणार? विवाह संपतो एवढं मात्र इंग्रजांची न्यायालयं मान्य करत. तेव्हा पंजाबात काही बायकांनी इस्लाम सोडून सुटका करून घेतली. कवी इक्बाल यांनी 1930 साली ग्रंथरूपाने आलेल्या आपल्या व्याख्यानांत याचा उल्लेख केला आणि इज्तिहादचा, म्हणजे मूळ स्रोतांकडे जाऊन नव्याने विचार करण्याचा, आग्रह धरला.

पण प्रत्यक्ष उपाय शोधला तो एका पक्क्या परंपरावाद्याने. देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी 1913 साली, धर्मत्यागाने विवाह संपतो, असाच फतवा दिला होता. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी भूमिका बदलली. मदिनेतल्या मालिकी पंडितांशी पत्रव्यवहार करून त्यांनी 'अल-हीलतुन नाजिझा' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या पूर्ण नावाचा अर्थ साधारण असा : लाचार पत्नीसाठी यशस्वी हीला. हीला म्हणजे कायद्यात राहून काढलेली पळवाट. आमच्या धंद्यात ज्याला वर्कअराउंड म्हणतात, तेच.

थानवींचं म्हणणं दुहेरी होतं. धर्म सोडल्याने विवाह संपत नाही. त्यासाठी त्यांनी हनफींमधलंच दुसरं, मागे पडलेलं मत उचललं. पण मग बाईला दुसरी वाट द्यायला हवी, आणि ती मालिकी कायद्यातून घ्यावी. तिथे परागंदा नवऱ्यासाठी चार वर्षं थांबणं पुरेसं होतं. काझी नसेल तिथे मुसलमानांच्या पंचायतीने निवाडा करावा, असंही त्यांनी सुचवलं.

काझी मुहंमद अहमद काझमी यांनी 1936 साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडलं. 1939 साली मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं पोटगी नाही, सात वर्षांची कैद, क्रूर वागणूक अशी कारणं त्यात आली. धर्म सोडल्याने विवाह आपोआप संपणंही बंद झालं. निवाडा मुसलमान न्यायाधीशानेच करावा ही उलेमांची अट मात्र कायदेमंडळाने गाळली, आणि ते नाराज झाले.

बायका घर सोडून नव्हे, धर्म सोडून जाऊ लागल्या, तेव्हा पोथी नव्याने वाचली गेली. म्हणून कायदा बदलता येतो का, यापेक्षा तो कोणाच्या दबावाने आणि कुठवर बदलतो, हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो. कारण इथला बदल भगदाड बुजेल एवढाच होता. नवऱ्याचा तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांना या कायद्याने हातही लावला नाही.

ते उरलेलं काम हमीद दलवाईंनी हाती घेतलं. 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला. पुढे 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाईंना पोथीचा नवा अर्थ नको होता. कायदा पोथीतून बाहेर काढून संविधानाकडे न्यायचा होता.

ही भूमिका मला पटते. तरीही 22 ऑगस्ट 2017 चा निकाल मी विसरू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. त्या तिघांपैकी न्या. नरिमन आणि न्या. लळीत यांनी संविधानातल्या समतेचा आधार घेतला. तिसरे, न्या. कुरियन जोसेफ, यांनी हा तलाक कुराणाच्याच विरुद्ध आहे, असं म्हटलं. दोन मतं संविधानाची, एक पोथीच्या अर्थाची. यांतलं एकही मत वजा केलं असतं, तर बहुमत झालं नसतं.