संवर्धित बोधन

संवर्धित बोधन : काम करणाऱ्या माणसाच्या मनावरचा भार क्षणोक्षणी ओळखून त्याप्रमाणे आपले वर्तन बदलणाऱ्या संगणकप्रणालींच्या साहाय्याने त्याची विचारशक्ती व कार्यक्षमता वाढवण्याचे तंत्र. माणूस आणि संगणक यांच्या निकटच्या सहकार्याची कल्पना जे. सी. आर. लिक्लायडर यांनी १९६० मध्ये मांडली. डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत माऊस आणि पडद्यावरचे संपादन दाखवून तिला मूर्त रूप दिले. मात्र त्या साधनांना वापरणाऱ्याच्या अवस्थेची दखल नव्हती. माणूस ताजातवाना असो वा थकलेला, पडदा त्याच्याशी सारखाच वागे. माणसाची मर्यादा तर उघड आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये अल्पकालीन स्मृतीची धाव सुमारे सात घटकांपर्यंत असल्याचे मांडले, आणि नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये ती चाराच्या आसपास आणली. अशा मनापुढे अधिक माहिती ओतल्याने विचार सुधारतोच असे नाही. म्हणून या तंत्राचे यश संगणकाला किती येते यापेक्षा काम केव्हा हाती घ्यावे व केव्हा परत द्यावे हे त्याला कितपत कळते, यावर ठरते.

याचा सर्वांत बोलका पुरावा नासाच्या लँग्ली केंद्रातील ॲलन पोप व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९५ च्या प्रयोगात सापडतो. त्यांनी मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखातील (ईईजी) बीटा लहरींच्या शक्तीला अल्फा व थीटा यांच्या बेरजेने भागून व्यग्रतेचा एक निर्देशांक काढला. निर्देशांक वाढला की लक्ष्याचा पाठलाग करण्याचे काम यंत्र घेई. तो घसरला, म्हणजे माणूस सुस्तावू लागला, की तेच काम पुन्हा त्याच्या हाती येई. नंतरच्या प्रयोगांत ही दिशा उलटी केली असता माणसाची कामगिरी तुलनेने खालावलेली आढळली. यंत्र तेच, काम तेच. फरक पडला तो वेळेच्या निवडीने. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने ‘संवर्धित बोधन’ याच नावाचा कार्यक्रम हाती घेतला. त्यातील डाइमलर-क्रायस्लरच्या प्रयोगात प्रत्यक्ष रहदारीत गाडी चालवणाऱ्यावरचा भार वाढल्याचे दिसताच त्याला दिलेले दुय्यम काम थांबवले जाई, आणि त्याचा प्रतिसाद जलद झाल्याची नोंद आहे.

या तंत्रावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की यंत्राच्या मदतीने माणसाचे कौशल्यच गंजते. लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवले होते, की स्वयंचलनामुळे सराव सुटलेल्या माणसावर नेमका कठीण प्रसंगच सोपवला जातो. २००९ मध्ये एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिकमध्ये कोसळून २२८ जण मृत्युमुखी पडले. वेगमापक नळ्या बर्फाने चोंदल्याने स्वयंचलित उड्डाणव्यवस्था बंद पडली आणि गोंधळलेल्या वैमानिकांकडे नियंत्रण अचानक आले. पण हा दाखला स्थिर, माणसाकडे न पाहणाऱ्या स्वयंचलनाविरुद्ध जातो; पोप यांची रचना माणूस पेंगण्याआधीच त्याला कामाला लावते. दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो: डोळ्यांची उघडझाप किंवा जबड्याची हालचालही ईईजी बिघडवते, आणि चुकीच्या वेळी केलेली मदत हा अडथळाच होतो. त्यामुळे केवळ मेंदूच्या संकेतांवर विसंबू नये; कामातील चुका, नजरेची दिशा आणि प्रसंगाचे स्वरूप जोडीला हवे, आणि मदत नाकारण्याचा अधिकार माणसाकडे राहिला पाहिजे.

मनाची अवस्था मोजणारे यंत्र पाळतीचेही साधन होऊ शकते, ही भीती निराधार नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने कामाच्या ठिकाणी व शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली. अपघात टाळण्यासाठी वैमानिक व चालकांचा थकवा ओळखणे भावना ओळखण्याच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. ही सीमारेषा योग्य असली तरी पुरेशी नाही. थकव्याची मोजणी त्या क्षणाच्या मदतीपुरती वापरून पुसली जावी; ती मालकाच्या दप्तरी साठू लागली, की माणूस यंत्रापासून आपला थकवा लपवू लागेल, आणि मग मदत केव्हा करावी हे यंत्राला कळणारच नाही.