लिहिणे शिकवता येते

पदवीच्या शेवटच्या वर्षी मराठीच्या विद्यार्थ्याने प्रबंधिकेऐवजी कथांचा प्रकल्प द्यायचे ठरवले, की ठरलेला आक्षेप येतो: लेखक जन्मावा लागतो, त्यामुळे असला प्रकल्प म्हणजे फुकटचे गुण. वर संस्कृत साहित्यशास्त्रातल्या प्रतिभेचा दाखला असतोच.

तो दाखला आक्षेपकांवरच उलटतो. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त प्रतिभेला एकटे सोडलेले नाही. शक्ती म्हणजे प्रतिभा, लोक-शास्त्र-काव्य पाहून आलेली निपुणता आणि जाणकारांच्या हाताखालचा अभ्यास, ही तिन्ही मिळून काव्याचे कारण होतात, असे तो सांगतो. राजशेखर तर ‘काव्यमीमांसे’त कवीची दिनचर्याही आखून देतो.

आधुनिक मराठीचा इतिहासही हेच सांगतो. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवत, ती कुठे सैल पडली ते कळवत, पुन्हा लिहून मागत. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखनाचे जे शिक्षण वर्गात चालले, ते आपल्याकडे टपालाने चालले. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली; ते काम आता वर्गालाच करावे लागेल.

आक्षेपाची खरी बळकट बाजू वेगळी आहे. आजच्या पालघर जिल्ह्याच्या मातीतून आलेले मोठे पुस्तक, गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०), वेठबिगारीविरुद्धच्या वारली आदिवासींच्या उठावातून जन्मले, वर्गातून नव्हे. मान्य. पण वेठबिगारीचा अनुभव गोदूताईंपेक्षा वारल्यांकडे कितीतरी जास्त होता. पुस्तक मात्र कायद्याची पदवी घेतलेल्या बाईंनी लिहिले. यात त्यांना उणेपणा नाही. अनुभव आणि पुस्तक यांच्या मध्ये शिक्षण लागते, एवढेच यातून दिसते.

बोईसरजवळच्या सालवडमधल्या एखाद्या मुलीचे घर तारापूर एमआयडीसीतल्या पाळ्यांवर चालत असेल, तर तिला विषयांची ददात नाही. रात्रपाळी आहे, ठेकेदारी आहे, अणुवीज केंद्रासाठी उठलेली पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे आहेत. कानावर वाडवळी, मांगेली, वारली आणि कामगारांची भोजपुरी आहे. नाही तो फक्त खर्डा वाचून ‘हे पान काढ’ म्हणणारा माणूस. ज्याचा काकाच संपादक आहे, त्याला ‘लिहिणे शिकवून येत नाही’ हे वाक्य परवडते. तिला नाही.

एक हरकत मात्र रास्त आहे. नुसती शेवटची प्रत पाहून गुण देणे धोक्याचे. ती विकत मिळते आणि आता यंत्रही लिहून देते. म्हणून गुण खर्ड्यांना द्यावेत. पहिल्या आणि तिसऱ्या खर्ड्यात काय बदलले, काय कापले, का कापले, संवादांसाठी कोणाचे बोलणे ऐकले, हे तोंडी परीक्षेत विचारावे. आणि खर्डे वाचण्यात जाणारा शिक्षकाचा वेळ महाविद्यालयांनी अध्यापनाच्या तासांत धरावा. त्याशिवाय हा प्रकल्प अभ्यासक्रमात ठेवूच नये.