वजा गुणिले वजा अधिक का? ऋणाच्या हिशोबाची जुनी गोष्ट



आपल्यापैकी बऱ्याच जणींना घरातलं लेकरू कधी ना कधी विचारतंच, "आई, वजाला वजानं गुणलं तर अधिक कसं होतं?" शाळेत नियम पाठ करून घेतात. वजा गुणिले वजा अधिक, वजा गुणिले अधिक वजा. पाठ होतं, पण पटत नाही. दोन कर्जांचा गुणाकार केला आणि पैसा झाला, असं कुठं असतं का?

आज आपण या प्रश्नाचं उत्तर इतिहासात शोधू. कारण हा नियम शाळेसाठी जन्मला नाही. तो देण्याघेण्याच्या भाषेत जन्मला, आणि आपल्या गटाच्या वहीत तो दर महिन्याला वापरला जातो.

आधी शब्द बघा. शाळेच्या पुस्तकात अधिकच्या संख्येला धन संख्या म्हणतात आणि वजाच्या संख्येला ऋण संख्या. धन म्हणजे जवळचा पैसा. ऋण म्हणजे देणं, कर्ज. हे शब्द जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वीचे आहेत. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्त नावाच्या गणितज्ञानं वयाच्या तिसाव्या वर्षी 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' हा ग्रंथ लिहिला. राजस्थानातलं आजचं भीनमाळ हे त्याचं गाव मानतात. त्या ग्रंथात त्यानं धन, ऋण आणि शून्य या तिन्हींचे नियम एका ठिकाणी मांडले. धनाला धनानं गुणा, उत्तर धन. ऋणाला ऋणानं गुणा, उत्तर धन. एक धन आणि एक ऋण असेल, तर उत्तर ऋण. भागाकारालाही हेच नियम.

आता हे पटवून घेऊ. त्यासाठी गटातल्या एका बाईचा हिशोब घ्या. तिचा कर्जाचा हप्ता महिन्याला ५०० रुपये आहे. म्हणजे दर महिन्याला तिच्या हातातून ५०० जातात. हे झाले वजा ५००. पुढं येणारे महिने अधिकमध्ये मोजू आणि मागं गेलेले महिने वजामध्ये. घरातली बाकीची आवक-जावक सारखीच धरू.

पुढच्या तीन महिन्यांत काय होईल? वजा ५०० गुणिले ३, म्हणजे वजा १५००. तिच्याकडं आजच्यापेक्षा १५०० कमी असतील. दोन महिन्यांनी वजा १०००. एका महिन्यानं वजा ५००. आणि आज? वजा ५०० गुणिले शून्य, म्हणजे शून्य. आजच्यात आणि आजच्यात फरक कसला?

आता असंच मागं चला. एका महिन्यापूर्वी तिच्या हातात आजच्यापेक्षा ५०० जास्त होते, कारण तो हप्ता अजून गेलेला नव्हता. तीन महिन्यांपूर्वी १५०० जास्त होते. म्हणजे वजा ५०० गुणिले वजा ३, उत्तर अधिक १५००. बघा, वजा १५००, वजा १०००, वजा ५००, शून्य, अधिक ५००. दर पायरीला पाचशेनं वर चढलो. शून्यापाशी पायरी मोडायचं काही कारणच नाही. म्हणून वजा गुणिले वजा अधिक.

गटाच्या पेटीचंही तसंच. पेटीत दर महिन्याला २०० रुपये बचत पडते. तीन महिन्यांनी ६०० जास्त होतील. तीन महिन्यांपूर्वी ६०० कमी होते. अधिक २०० गुणिले वजा ३, उत्तर वजा ६००.

भागाकारही याच वहीत आहे. गटावर ६,००० रुपयांचं कर्ज आहे आणि बायका १२ आहेत. वजा ६,००० भागिले १२, म्हणजे प्रत्येकीच्या नावावर वजा ५००. कर्ज वाटलं तरी कर्जच राहतं. पण प्रश्न असा विचारला, की सहा हजारांच्या कर्जात पाचशेची देणी किती? वजा ६,००० भागिले वजा ५००, उत्तर अधिक १२. हे बारा म्हणजे पैसा नव्हे, हप्त्यांची मोजणी आहे. बारा हप्ते खरेखुरे भरायचे आहेत, म्हणून ते अधिक. आणि अधिक ६,००० ला वजा ५०० नं भागलं तर वजा १२ येतात. म्हणजे जी बाई महिन्याला ५०० भरते, तिच्या हातात आजच्यापेक्षा सहा हजार जास्त होते ते बारा महिन्यांपूर्वी.

ही विद्या काही फक्त लांबच्या मुलखातली नाही. आपलं लोहा नांदेड-लातूर रस्त्यावर आहे. राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःला 'लट्टलूर' नगरीचे स्वामी म्हणवत. ते लट्टलूर म्हणजे आजचं लातूर, असं इतिहासकार मानतात. आपल्या शेजारचं कंधारही राष्ट्रकूटांचं गाव. तिथला किल्ला आणि जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव आपल्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. नवव्या शतकात या घराण्यातला अमोघवर्ष राजा आता कर्नाटकात असलेल्या मालखेडहून राज्य करत होता. त्याच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञानं 'गणितसारसंग्रह' लिहिला. धन-ऋणाच्या गुणाकार-भागाकाराचे नियम त्यात आहेत आणि मुद्दल-व्याजाची उदाहरणंही आहेत. कुठलीही संख्या तिच्याच संख्येनं गुणली तर उत्तर धनच येतं, म्हणून ऋणाला वर्गमूळ नाही, हेही त्यानं सांगितलं. महावीराचार्य आपल्या गावी आले होते असं आम्ही म्हणत नाही. पण आपला मुलूख ज्या राज्यात होता, त्याच राज्यात हा ग्रंथ लिहिला गेला.

पुढं तीनशे वर्षांनी भास्कराचार्य आले. त्यांचा जन्म १११४ चा. सह्याद्रीजवळचं विज्जडविड हे आपलं गाव, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. ११५० साली त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. त्याचेच दोन भाग म्हणजे 'लीलावती' आणि 'बीजगणित'. लीलावती ही त्यांची लेक होती अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, त्या पुस्तकात गणितं एका मुलीला हाक मारून विचारलेली आहेत, हे खरं. ऋण संख्या ओळखू यावी म्हणून त्या काळी आकड्याच्या डोक्यावर एक टिंब देत.

बीजगणितात भास्कराचार्यांनी माकडांचं एक गणित दिलंय. एक कळप आहे. त्याचा पाचवा भाग घ्यायचा, त्यातून ३ वजा करायचे, आणि येईल त्या संख्येला तिच्याच संख्येनं गुणायचं. तितकी माकडं गुहेत गेली आणि एक झाडावर दिसलं. तर कळप केवढा? एक उत्तर ५०. पाचवा भाग १०, तीन गेले, राहिले ७. सात साते ४९ आणि झाडावरचं एक, झाले ५०. पण दुसरं उत्तर ५ सुद्धा येतं. पाचवा भाग १, त्यातून तीन गेले, राहिले वजा २. वजा २ गुणिले वजा २, म्हणजे ४. त्यात एक मिळवलं की ५. आकडा तंतोतंत जुळतो. तरी भास्कराचार्य म्हणाले की हे उत्तर घेऊ नका, कारण वजा दोन माकडं लोकांना पटत नाहीत.

हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. एवढा मोठा गणिती, नियम पक्का ठाऊक, तरी आकडा जुळला की काम संपलं असं त्यानं मानलं नाही. या आकड्याला व्यवहारात अर्थ आहे का, हे त्यानं शेवटी तपासलं.

ही विद्या टिकावी म्हणून पैसाही लागला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याला देवगिरीच्या यादव राजाकडं मान होता. त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण इथं मठ काढला. १२०७ च्या सुमाराचा त्याचा शिलालेख तिथं आहे आणि त्यातला काही भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकायला निघे, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला, असं त्यात लिहिलंय. म्हणजे बाजारात मीठमिरची घेणाऱ्या माणसांच्या पैशातून गणिताची शाळा चालली.

दुसऱ्या देशांतही वजाची संख्या सहज पचली नाही. चीनमध्ये फार पूर्वीपासून काड्या मांडून हिशोब करत. लाल काडी धनाची, काळी ऋणाची. युरोपात मात्र १७५८ सालीही फ्रान्सिस मॅसेरेस हा इंग्रज गणितज्ञ वजाच्या संख्येला विरोध करणारं पुस्तक लिहीत होता. आपल्याकडं ऋण आकड्यात बसलं, याचं एक कारण आम्हाला असं दिसतं, की कर्ज म्हणजे काय हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

पण मैत्रिणींनो, ग्रंथात नियम असणं वेगळं आणि कर्ज ज्याच्या डोक्यावर आहे त्याला तो ठाऊक असणं वेगळं. या दोन्हींत किती अंतर होतं, ते १८७५ साली दिसलं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी बाजारात जमले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं मागून घेतली आणि पेटवून दिली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत गेलं. अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर आपल्याकडच्या कापसाचे भाव पडले होते, त्यात सरकारनं शेतसारा वाढवला होता. आणि कर्ज फिटत नव्हतं. खताची मुदत तीन वर्षांची. ती संपत आली की थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत लिहायचं, आणि त्यावर शेतकऱ्यानं अंगठा उठवायचा. अंगठा उठवणाऱ्याला आकडा वाचता येत नव्हता. १८७९ साली तिकडच्या चार जिल्ह्यांसाठी कायदा झाला. नुसतं खत बघून निकाल न देता कर्जाचा सुरुवातीपासूनचा हिशोब तपासायचा अधिकार त्यानं कोर्टाला दिला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो कायदा इकडं लागू नव्हता.

आता त्या नव्या खतातलं गणित बघा. जुनं कर्ज वजा १०,०००. व्याज थकलं वजा २,०००. दोन्ही मिळून नवं खत वजा १२,०००. वजा आणि वजा आले, पण हा गुणाकार नव्हे, ही बेरीज आहे. कर्जात कर्ज मिळवलं की कर्ज मोठं होतं, हाही नियम ब्रह्मगुप्तानं सांगितलाय. "वजा वजा अधिक" एवढंच अर्धवट ध्यानात राहिलं, तर इथंच घात होतो. वजा गुणिले वजा अधिक. वजा मिळवले वजा आणखी वजा.

आजही हीच चूक गावोगाव महागात पडते. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीकडून कर्ज घ्यायचं. हातात नोटा येतात, त्यामुळं वाटतं सुटलो. नवीन १०,००० आले, अधिक १०,०००. त्याच वेळी नवं देणं झालं, वजा १०,०००. मिळून शून्य. जुनं देणं फेडलं म्हणावं, तर नवं तेवढंच उभं राहिलं, आणि त्याचं व्याज व फी वेगळी. आपण होतो तिथंच, किंवा थोडं खाली.

१९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. त्यानंतर आपल्यासारख्या बायकांच्या नावानं वह्या उघडल्या. पूर्वी वही सावकाराच्या हातात होती, आता ती आपल्या पेटीत आहे. पण पेटीत असलेली वही फक्त सचिव ताईच वाचत असतील, तर बाकीच्या जणींसाठी ती अजून दुसऱ्याच्याच हातात आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. वही मधोमध उघडी ठेवा. प्रत्येकीनं आपल्या नावापुढं दोन आकडे स्वतः लिहायचे, बचत अधिकमध्ये आणि कर्जाची बाकी वजामध्ये. बाहेरच्या कंपनीचं कर्ज असेल तर तेही त्याच रकान्यात, न लपवता. लिहिता येत नसेल तिनं तोंडानं सांगावं आणि शेजारणीनं लिहावं. मग दोन्हींची बेरीज करा. उत्तर वजा आलं म्हणून लाजायचं कारण नाही. मग नुसत्या कर्जाच्या बाकीला आपल्या हप्त्यानं भागा, म्हणजे वजाला वजानं. जे अधिक उत्तर येईल, तितके मुद्दलाचे हप्ते राहिले. व्याजाचा हिशोब त्यावर वेगळा लावा.

आणि माळेगावच्या यात्रेत शेळी घ्यायची असेल, तर कर्ज उचलायच्या आधी हाच हिशोब घरी बसून करा. आकडा जुळला तरी भास्कराचार्यांसारखं शेवटी एकदा विचारा, हा आकडा आपल्या घरात खरा ठरेल का? पुढच्या भागात आपण शेकडा दोन आणि वर्षाला चोवीस टक्के यांचं नातं बघू. तोपर्यंत नमस्कार.